कंबरेच्या गोळीवर ‘किती दिवस’ हे कुणी लिहीत नाही

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्याच्या पानावर शुगर, बीपी, डेंग्यू याबद्दल नेहमी येतं आणि चांगलं येतं, पण आज मी ज्या गोळीबद्दल लिहितोय ती बऱ्याच घरांत फ्रिजवरच्या डब्यात नाहीतर देव्हाऱ्याच्या खणात पडलेली असते आणि तिच्याबद्दल कुणी काही छापत नाही. कंबर धरली, मान आखडली, उसण भरली, पाठीत चमक निघाली की मेडिकलमधून जी आणली जाते ती. डॉक्टर तिला मसल रिलॅक्संट म्हणतात, लोक ‘कंबरेची गोळी’ म्हणतात. मी सरकारी दवाखान्यात फार्मासिस्ट म्हणून नोकरी केली, आता रिटायर आहे, आणि औषधाच्या खिडकीच्या आतून जे बघितलं ते लोकांपर्यंत जावं असं मनापासून वाटतं म्हणून हे पत्र. थोडं लांबलंय, सांभाळून घ्या.

आमच्या भोर-मावळ भागात भातलावणी सुरू झाली की दिवसभर चिखलात वाकून बायकांच्या कंबरेचा पार काटा ढिला होतो, तिकडे खाली फलटण-बारामतीकडे ऊसतोड चालू झाली की मोळ्या उचलून उचलून तरुण पोरांच्या पाठी जातात, आणि शहरात म्हणाल तर दिवसभर लॅपटॉपसमोर बसणारे, खड्ड्यातून टू-व्हीलर मारणारे, सगळ्यांची तीच तक्रार. कामाला सुट्टी नाही म्हटल्यावर माणूस गोळीच मागणार, त्यात त्या बाईची काय चूक? एक दिवसाची हजेरी बुडाली तर घरात प्रश्न उभा राहतो. म्हणून गोळी घेऊच नका असं सांगायला मी हे लिहीत नाहीये. घ्या, पण ती काय आहे, किती दिवस घ्यायची आणि कशाबरोबर घ्यायची नाही एवढं माहीत करून घ्या. होतं काय, की मेडिकलवाला कात्रीने पट्टी कापून चार गोळ्या देतो, कापलेल्या तुकड्यावर ना नाव राहतं ना एक्स्पायरी, आणि पुढच्या वेळी माणूस ‘मागच्या टायमाला दिलेली ती पांढरी लांबट’ असं म्हणून परत मागतो. मग ती शेजारणीला जाते, जावेला जाते, सासूला जाते.

पहिलं म्हणजे पट्टी उलटी करा आणि बारीक अक्षरं वाचा, स्वतःला दिसत नसेल तर शाळेतल्या पोराकडून वाचून घ्या. आपल्याकडे मसल रिलॅक्संट बहुतेक वेळा एकटं येत नाही, वेदनाशामकाबरोबर एकाच गोळीत बांधून येतं. नेहमी दिसणारं कॉम्बिनेशन म्हणजे असेक्लोफेनॅक १०० मिलिग्रॅम, पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम आणि क्लोरझोक्साझोन २५० मिलिग्रॅम. दुसऱ्या एका प्रकारात असेक्लोफेनॅकबरोबर थायोकोल्चिकोसाइड ४ किंवा ८ मिलिग्रॅम असतं. तिसऱ्यात टिझानिडीन २ मिलिग्रॅम. म्हणजे आपण म्हणतो एक गोळी घेतली पण पोटात दोन-तीन औषधं गेलेली असतात आणि प्रत्येकाचं पथ्य वेगळं. त्यातच अंगात कणकण आहे म्हणून घरातली पॅरासिटामॉल ६५० वेगळी घेतली जाते, दाढ दुखते म्हणून डेंटिस्टने दिलेली डायक्लोफेनॅक आणखी वेगळी. हिशोब करून बघा, कॉम्बिनेशनच्या दोन गोळ्यांतून ६५० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल गेलं आणि वरून ६५० च्या चार घेतल्या तर दिवसाला सव्वातीन ग्रॅम झालं. धडधाकट माणसाची कमाल मर्यादा दिवसाला ४ ग्रॅम धरतात, पण चाळीस किलोची म्हातारी असेल, रोज पिणारा माणूस असेल, कावीळ होऊन गेलेली असेल तर त्यांच्या लिव्हरला हे सव्वातीन ग्रॅमसुद्धा जड आहे. असेक्लोफेनॅक आणि डायक्लोफेनॅक तर एकाच जातीची औषधं, दोन्ही एकदम घेऊन दुखणं दुप्पट पळत नाही, पोटात जखम व्हायचा आणि किडनीला त्रास व्हायचा धोका मात्र वाढतो. ज्यांना बीपीसाठी टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल चालू आहे आणि लघवी जास्त व्हायची गोळी पण चालू आहे त्यांनी तर ही वेदनाशामकं डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊच नयेत, तीन औषधं मिळून किडनीला एकदम फटका देतात, त्यात उन्हात राबून पाणी कमी पडलेलं असेल तर आणखीच.

आता मूळ मुद्दा. लोकांची समजूत अशी की गोळी पोटातून थेट कंबरेत जाते आणि तिथली गाठ सोडवते. तसं होत नाही. उसण भरल्यावर जी मसल रिलॅक्संट देतात ती सगळी मेंदू आणि मज्जारज्जू यांच्यावर काम करतात, तिथून स्नायूंना जे ‘आवळ’ म्हणून निरोप जातात ते कमी करतात. त्यामुळे झोप येणं, डोकं जड होणं, तोल जाणं, तोंड कोरडं पडणं हे कमी-जास्त प्रमाणात या औषधांबरोबर येतंच, कुणाला कमी कुणाला जास्त, टिझानिडीनने जास्त, थायोकोल्चिकोसाइडने त्या मानाने कमी. बऱ्याच जणांना जो आराम वाटतो त्यातला काही भाग या गुंगीचाच असतो, रात्री झोप लागली की सकाळी बरं वाटतं. याच कारणासाठी रात्री झोपताना घेतलेली गोळी कामाची आणि सकाळी गाडीवर बसायच्या आधी घेतलेली गोळी धोक्याची. रिक्षा, टेम्पो, ट्रॅक्टर, एसटी चालवणारे, मळणी यंत्रावर, उसाच्या चरकावर, प्रेसवर काम करणारे, बांधकामावर परातीत वाळू घेऊन शिडी चढणारे, या सगळ्यांना गोळी देताना ‘काम काय करता’ हा प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि कुणी विचारला नाही तर आपण होऊन सांगितलं पाहिजे. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ फक्त दारूपुरतं आहे असं सगळे समजतात, पण त्यात औषधाचा किंवा नशेच्या पदार्थाचा अंमल असताना, गाडीवर ताबा ठेवता येणार नाही अशा अवस्थेत गाडी चालवणं हेही येतं. दंड वगैरे नंतरची गोष्ट, समोरून पोरं शाळेतून येत असतात.

आणि दारू. हे स्पष्टच लिहितो कारण घरात कुणी स्पष्ट बोलत नाही. अंगमेहनतीचं काम करणारा माणूस संध्याकाळी थोडी घेतो आणि वर ही गोळी पण घेतो, दोन्ही मिळून गुंगी नुसती बेरजेने वाढत नाही, माणूस रात्री उठला तर पडतो, झोपेत उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते, श्वास मंदावतो. ज्या दिवशी प्यायली त्या दिवशी ही गोळी नाही, एवढं तरी घरातल्या माणसांनी ठामपणे सांगावं. झोपेच्या गोळ्या, ॲलर्जीच्या जुन्या पद्धतीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या, खोकल्याची काही सिरप, मानसोपचाराची काही औषधं यांच्याबरोबर पण तेच.

आता थायोकोल्चिकोसाइडबद्दल जरा सविस्तर सांगतो कारण हे औषध आपल्याकडे भरपूर लिहिलं जातं आणि याची गोष्ट लोकांना माहीतच नाही. आपल्या कोकणात, मावळात पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळेसारखी फुलं येणारी कळलावी असते ना, तिच्या बियांतून मिळणाऱ्या द्रव्यापासून हे औषध तयार करतात, तमिळनाडूत त्यासाठी कळलावीची शेती होते. (कळलावी स्वतः जबर विषारी आहे, तिचा कंद घरगुती औषध म्हणून कुणी पोटात घेऊ नये, त्याने माणसं दगावतात.) तर या औषधाची युरोपच्या औषध नियंत्रकांनी परत तपासणी केली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये त्याच्या वापरावर बंधनं घातली. कारण असं सापडलं की शरीरात गेल्यावर या औषधाचा जो एक तुकडा तयार होतो तो पेशी विभागताना गुणसूत्रांची वाटणी बिघडवू शकतो, त्यातून गर्भाला धोका, पुरुषांच्या प्रजननक्षमतेवर परिणाम, आणि लांबच्या काळात कॅन्सरची शक्यता असे प्रश्न उभे राहतात. म्हणून तिथे नियम ठरला तो असा, गोळी जास्तीत जास्त ८ मिलिग्रॅम दर बारा तासांनी आणि फक्त ७ दिवस, इंजेक्शन ४ मिलिग्रॅम दर बारा तासांनी आणि फक्त ५ दिवस, सोळा वर्षांच्या आतल्या मुलांना नाही, गरोदर बाईला नाही, अंगावर पाजणाऱ्या आईला नाही, मूल होण्याच्या वयातल्या बाईला गर्भनिरोधक चालू असेल तरच, आणि जुनाट कंबरदुखीसाठी महिनोन्‌महिने तर अजिबात नाही. थोडे दिवस घेतलं म्हणजे लगेच काहीतरी भयंकर होणार असा याचा अर्थ नाही, घाबरून जाऊ नका. पण आपल्याकडे पंचविशीतल्या बाईला कंबर दुखते म्हणून ही गोळी देताना ‘पाळी कधी आली होती’ हे किती ठिकाणी विचारतात? पहिल्या महिन्या-दीड महिन्यात तर दिवस गेलेत हे तिलाच माहीत नसतं, आणि नेमकी त्याच दिवसांत कंबर दुखते. माझी सगळ्या बायकांना कळकळीची विनंती आहे, पाळी चुकली असेल, मूल हवं म्हणून प्रयत्न चालू असतील, बाळ अंगावर पीत असेल तर लाज न बाळगता तसं सांगा, डॉक्टर पुरुष असले तरी सांगा. कॉलेजच्या आधीच्या, कबड्डी-क्रिकेट खेळून पाठ धरलेल्या पोरांना पण मोठ्यांची गोळी अर्धी करून देऊ नका.

टिझानिडीनचं वेगळंच आहे. हे रक्तदाब खाली आणतं. बीपीची गोळी चालू असलेल्या माणसाने घेतलं की रात्री लघवीला उठताना डोळ्यापुढे अंधारी येते आणि पडतो. माझ्या माहितीतल्या एका काकांना मानदुखीसाठी टिझानिडीनची गोळी चालू होती, मधेच लघवीचं इन्फेक्शन झालं म्हणून दुसऱ्या दवाखान्यातून सिप्रोफ्लॉक्सासिन आणलं, दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी शहाणे पण एकाने दिलेलं दुसऱ्याला कळलं नाही आणि काकांनी दोन्ही चालू ठेवलं. बीपी इतकं उतरलं की उठवून बसवता येईना, ॲडमिट करावं लागलं. सिप्रोफ्लॉक्सासिन हे टिझानिडीन मोडणारं लिव्हरमधलं एन्झाइम अडवतं, त्यामुळे रक्तातलं टिझानिडीन साधारण १० पट वाढल्याचं अभ्यासात दिसलेलं आहे. डिप्रेशन किंवा ओसीडीसाठी देतात त्या फ्लुवोक्सामीनबरोबर तर त्याहून कितीतरी जास्त. ही दोन औषधं टिझानिडीनबरोबर चालतच नाहीत, अगदी एक दिवस पण नाही. गर्भनिरोधक गोळ्यांनी सुद्धा त्याचं प्रमाण वाढतं. आणि बरेच दिवस मोठ्या डोसमध्ये टिझानिडीन घेत असाल तर ते एकदम बंद करायचं नाही, बीपी उसळी मारतं.

एकदम बंद न करण्याच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचं नाव बॅक्लोफेन. ही गोळी साध्या उसणीची नाही, मणक्याला मार लागून पाय ताठ झालेले, मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू-मज्जारज्जूच्या आजाराचे, स्ट्रोक होऊन हात आखडलेले, असे पेशंट ती महिनोन्‌महिने घेतात आणि त्यांच्यासाठी ती मोठा आधार आहे. पण पट्टी संपली, पगार झाला नाही, तालुक्याच्या गावी स्टॉक नाही म्हणून ती अचानक थांबली तर भास होणं, ताप, फिट येणं इथपर्यंत जाऊ शकतं. म्हणून घरात असा पेशंट असेल तर निदान आठवड्याचा साठा शिल्लक ठेवूनच पुढची आणा, आणि बंद करायचीच असेल तर डॉक्टर सांगतील तशी पायरीपायरीने कमी करा. उलट किडनी कमजोर असलेल्या माणसाला हीच गोळी धोक्याची, कारण ती लघवीवाटे बाहेर पडते, किडनी काम करत नसेल तर अंगात साठते आणि माणूस दोन-तीन दिवसांत गोंधळलेला, असंबद्ध बोलणारा, अर्धवट बेशुद्ध होतो. घरच्यांना वाटतं वयामुळे झालं, नाहीतर बाहेरची बाधा म्हणून अंगारा लावत बसतात. डायलिसिसवर असलेल्यांना किंवा क्रिएटिनिन वाढलेल्यांना बॅक्लोफेन द्यायच्या आधी डॉक्टरला रिपोर्ट दाखवाच.

क्लोरझोक्साझोनने कधीकधी लघवी नारिंगी किंवा लालसर-जांभळी होते, त्याने लोक फार घाबरतात पण तो रंग औषधाचा असतो, त्रासाचा नाही. त्रासाची खूण वेगळी. भूक मरणं, मळमळ, उजव्या बरगडीखाली दुखणं, डोळे पिवळे होणं, लघवी चहासारखी गडद होणं, असं काही दिसलं तर गोळी तिथेच थांबवायची आणि लिव्हरची तपासणी करायची. क्वचित होतं पण झालं तर गंभीर असतं. लघवीच्या रंगावरून शंका आली आणि कुठला रंग ते ठरवता येत नसेल तर घरी तर्क करत बसू नका, दाखवून या.

इतकं सगळं वाचून कुणी विचारेल की मग या गोळीचा उपयोग तरी किती. उपयोग आहे, पण आपण समजतो तेवढा नाही. २०२१ साली बीएमजे या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ३१ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला होता, साडेसहा हजार कंबरदुखीवाल्यांचा, त्यात रोजच्या वापरातल्या या गटाच्या गोळ्यांनी पहिल्या दोन आठवड्यांत दुखणं १०० च्या मापावर ८ च्या आतच कमी झालेलं दिसलं, आणि तेही खात्रीने सांगण्यासारखं नाही असं अभ्यास करणाऱ्यांनीच म्हटलं. साइड इफेक्टचा धोका मात्र वाढलेला. त्याआधी २०१५ मध्ये न्यूयॉर्कमधल्या इमर्जन्सीत नुकतीच कंबर धरलेल्या ३२३ पेशंटवर एक चाचणी झाली, काहींना नुसतं नॅप्रोक्सेन हे वेदनाशामक, काहींना त्याबरोबर सायक्लोबेन्झाप्रीन नावाचं मसल रिलॅक्संट दिलं, आठवड्यानंतर दोघांत फरक दिसला नाही. माझं स्वतःचं मत असं की ताज्या उसणीत, जेव्हा कुशीवर वळता येत नाही आणि रात्रभर झोप नाही, तेव्हा दोन-चार रात्रींसाठी ही गोळी द्यावी आणि ती माणसाला खरंच मदत करते. पण दोन-चार रात्री. महिनाभर गोळी खाऊन जी कंबर बरी झाल्यासारखी वाटते ती गोळी नसती तरी बहुतेक वेळा बरी झालीच असती, कारण ताजी कंबरदुखी काही आठवड्यांत आपोआप उतरते हेच सगळीकडे दिसून आलंय.

शेक घ्या, गरम पाण्याची पिशवी नाहीतर तव्यावर गरम केलेली मिठाची पुरचुंडी, मात्र शुगरवाल्यांनी आणि पायाला बधिरता असलेल्यांनी जपून कारण त्यांना भाजलेलं कळत नाही. अंथरुणाला खिळून राहू नका, पूर्वी आठ दिवस लाकडी पाटावर झोपवायचे ते आता कुणी सांगत नाही, झेपेल तेवढं घरातल्या घरात चालत राहायचं. बिब्बा घालू नका, त्याने कातडी जळते आणि दुखणं तिथेच राहतं. पायाळू माणसाकडून पाठीवर लाथ मारून घ्यायची पद्धत गावागावात अजून आहे, म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत तर ती थांबवाच, हाडं ठिसूळ झालेली असतात आणि मणका दबलेला असेल तर त्या लाथेने आणखी बसतो. आणि ‘सुई द्या म्हणजे लवकर उतरेल’ हा हट्ट पण सोडा, गोळी पोटात टिकत असेल तर सुईची बहुतेक वेळा गरज नसते.

कंबरदुखीत कधी गोळीच्या नादी लागायचंच नाही हे प्रत्येक घरात माहीत पाहिजे. लघवी अडली किंवा नकळत व्हायला लागली, शौचावरचा ताबा गेला, बसायच्या जागी बधिर वाटायला लागलं, पाय लटका पडला, यातलं काही झालं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या हॉस्पिटलला जा, मणक्यातल्या नसा दाबल्या गेलेल्या असतात आणि उशीर झाला तर कायमचं नुकसान होतं. कंबरदुखीबरोबर ताप असेल, वजन उतरत असेल, पूर्वी कॅन्सर झालेला असेल, पडल्यानंतर सुरू झालं असेल, तरी आधी तपासणी. आणि छातीत, डाव्या खांद्यात, जबड्यात, दोन्ही खांद्यांच्या मधोमध दुखणं, घाम फुटणं, दम लागणं, हे ‘वात धरला’ म्हणून कंबरेची गोळी घेऊन झोपण्याचं दुखणं नाही, ईसीजी काढा. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी नवीन सुरू झाल्यावर मांड्या, दंड दुखायला लागले तर तेही डॉक्टरला सांगा, तिथे दुखण्याचं मूळ दुसऱ्या गोळीत असू शकतं आणि त्यावर तिसरी गोळी घालत गेलं तर मूळ सापडतच नाही.

पासष्टीच्या पुढच्या माणसांसाठी अमेरिकेतल्या वृद्धरोगतज्ज्ञांच्या संस्थेने टाळायच्या औषधांची यादी केली आहे, बिअर्स यादी म्हणतात, त्यात क्लोरझोक्साझोन, मेथोकार्बामॉल, सायक्लोबेन्झाप्रीन, कॅरिसोप्रोडॉल ही मसल रिलॅक्संट नावानिशी आहेत, कारण गुंगी येऊन पडणं आणि हाड मोडणं. आपल्याकडे खुब्याचं हाड मोडलेल्या म्हातारीची पुढची दोन वर्षं कशी जातात हे ज्या सुनेने, मुलीने काढलंय तिला विचारा. एवढ्यासाठी तरी आई-वडिलांच्या डब्यातली ही गोळी एकदा काढून बघा, कधीपासून चालू आहे, कुणी सांगितली, आणि अजून लागते का ते विचारा.

वर कॅरिसोप्रोडॉलचं नाव आलं त्याबद्दल एक. त्याची सवय लागते म्हणून युरोपच्या नियंत्रकांनी २००७ मध्येच ते बाजारातून काढायला सांगितलं. तरी टॅपेंटाडॉल या तीव्र वेदनाशामकाबरोबर त्याची गोळी बनवून आपल्या महाराष्ट्रातली एक कंपनी पश्चिम आफ्रिकेत पाठवत होती आणि घाना, नायजेरियाकडची तरुण पोरं ती नशेसाठी खात होती हे फेब्रुवारी २०२५ मध्ये बीबीसीने बाहेर काढलं, मग केंद्राने या जोडगोळीचं उत्पादन आणि निर्यात दोन्ही थांबवलं. मला याचं फार वाईट वाटलं, ती पोरं पण कुणाची तरी पोरंच आहेत. आणि ज्या औषधाची तिकडे नशा होते त्याच जातीची औषधं आपण इकडे सुट्टी, बिनचिठ्ठीची विकतो.

म्हणून तीन ठिकाणी माझं मागणं आहे. डॉक्टरांनी चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव आणि ‘फक्त ५ दिवस’ किंवा ‘फक्त ३ रात्री’ असं मराठीत, वाचता येईल असं लिहावं, आणि आधीची कुठली औषधं चालू आहेत ते विचारावं, ओपीडीत गर्दी असते हे मी आयुष्यभर बघितलंय तरी या एका प्रश्नाला वेळ काढावा. मेडिकलवाल्या बांधवांनी लाल रेघ आणि आरएक्स असलेली पट्टी चिठ्ठीशिवाय देऊ नये, आणि पट्टी कापावीच लागली तर नाव आणि एक्स्पायरी असलेली बाजू पेशंटकडे जाईल असं बघावं नाहीतर पाकिटावर पेनने लिहून द्यावं, दहा सेकंदांचं काम आहे. अन्न व औषध प्रशासनाने जशी झोपेच्या गोळ्यांची विचारपूस होते तशी या कॉम्बिनेशन गोळ्यांच्या सुट्ट्या विक्रीची पण तपासणी करावी.

आणि आपल्याकडे एक विनंती, आरोग्याच्या पानावर एका चौकटीत हा नंबर छापा, १८००-१८०-३०२४. केंद्र सरकारच्या औषध दक्षता कार्यक्रमाची ही टोल फ्री हेल्पलाइन आहे, कुठल्याही गोळीचा त्रास झाला तर पेशंट किंवा घरचा माणूस स्वतः फोन करून नोंदवू शकतो, डॉक्टरच असायला पाहिजे असं नाही. अशा नोंदी गेल्या तरच कुठलं औषध आपल्या माणसांना काय करतंय ते वर कळतं. फोन करताना गोळीचं नाव, बॅच नंबर, किती दिवस घेतली आणि बरोबर दुसरं काय चालू होतं हे हाताशी ठेवा, म्हणजे गोळ्या संपल्या तरी त्रास पूर्ण जाईपर्यंत रिकामी पट्टी फेकू नका.

आपला,
एक निवृत्त फार्मासिस्ट,
भोर, जि. पुणे